कोरा झब्बा

१

फोटोला हुबं राहायला नवं कापड कशाला लागतंय, हे मला अजून कुणी नीट सांगितलं न्हाई. आमच्या लग्नाचा एकच फोटो हाय. त्यात माझ्या अंगावर चुलत्याचा कोट हाय, बाह्या पार बोटांवर आल्यात, आणि राजमतीचं निम्मं तोंड पदरात. तरी संसार झाला. कापडावाचून काय अडलं न्हाई.

पण सूनबाईला कोण सांगणार. ऋचा सांगलीची, विश्रामबागेत वाढलेली. तिच्या मैत्रिणीनं वाईच्या घाटावर घरच्या सगळ्यांचे फोटो काढून घेतले, सगळे एका रंगात, पायरीवर ओळीनं बसून. ते मोबाईलवर बघितल्यापास्नं हिच्या डोक्यात तेच. मी म्हणलं, वाईला जायचं तर राजमतीला काय ट्रॉलीत घालून न्यायची? तवा वाई सुटली, आणि कुंडलला आमच्या घरापुढच्या अंगणात फोटो काढायचं ठरलं.

मग रंगावरनं सुरू झालं. आधी पांढरा ठरला, मग निळा, मग पिस्ता. पिस्ता म्हंजे भेंडी धुतलेल्या पाण्याचा रंग. मला आणि लेकाला, जिनेशला, झब्बा त्या रंगाचा, सुनेला आणि सासूला साडी त्याची, नातीला, ब्राह्मीला, फ्रॉक त्याचा. मी म्हणलं, हातात पिपाण्या द्या म्हंजे वरातीत वाजवायला पण चालू. ब्राह्मी हसली. ऋचा हसली न्हाई.

खरी गोष्ट कुणी बोलत न्हवतं. दिवाळीच्या तोंडावर राजमतीच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक ‘न्हाई’ तेवढं राहिलं. भूक लागली तरी न्हाई, पोट भरलं तरी न्हाई. डॉक्टरनं जिनेशला बाजूला घेऊन कायतरी सांगितलं. ते त्यानं मला सांगितलं न्हाई, आणि घरात फोटोची घाई सुरू झाली. म्हाताऱ्या माणसाचा फोटो घाईनं का काढत्यात ते मला कळतंय. पुढं त्यातनं एक तोंड कापून भिंतीला लावता येतंय. मी हे जेवताना बोललो, तर जिनेश ताटावरनं उठला.

जिनेश आमचा एकुलता. पलूसला ठिबकचं दुकान हाय त्याचं, दिवसभर गाडी घेऊन कुणाच्या ना कुणाच्या शिवारात फिरत असतोय. अंगानं माझ्यासारखाच, शिंपी दोघांना एकच माप धरतो. फरक एवढाच, त्याला आरशाचं वेड. सोप्यात दाराजवळ उभा आरसा हाय, त्याच्यापुढनं हे पोरगं कवाच सरळ गेलं न्हाई. शाळेत होता तवापास्नं. आधी भांग, मग चप्पल.

२

कपडे आले ते ऋचानं राजमतीच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर मांडून ठेवले. तिथं जागा मोकळी म्हणून.

इथं एक सांगायला पायजे. नवं कापड घरात आलं की राजमती आधी पितळंचा करंडा काढायची आणि कापडाच्या आतल्या काठाला हळदीचं बोट लावायची. बोट लावल्याशिवाय लंगोट पण कुणाला घालू द्यायची न्हाई. मला लय राग यायचा. पांढऱ्या धोतराला पिवळा डाग कोण करून घेतंय? मी वराडलो की ती शांतपणानं म्हणायची, “आवं, कोरं कापड अंगाला लावू न्हाई. कोरं एकदाच लागतंय माणसाला, आणि तवा त्यो आरशात बघत न्हाई.”

वारं गेल्यापास्नं ते बंद झालं. करंडा तिच्या खोलीतल्या वरच्या फळीवर जाऊन बसला.

सकाळी ऋचा म्हणाली, सगळ्यांनी घालून बघा, कुठं सैल-घट्ट असंल तर आजच सांगा. मी कुरकुरत झब्बा उचलला. शिवण बघावी म्हणून खालचा काठ उलटा केला, तर आत पिवळं बोट. वाळलेलं. ऋचाची साडी बघितली, तिला हाय. राजमतीच्या साडीला हाय. ब्राह्मीच्या एवढ्याशा फ्रॉकला पण हाय.

जिनेशच्या झब्ब्याला न्हाई. सगळा काठ बोटानं चाचपत फिरवला. कुठंच न्हाई.

राजमतीचं सगळं करायला बनुबाई येती, तिला मी धारेवर धरलं. ती म्हणाली, “मालक, मी माझ्या घरात हे करत न्हाई, तुमच्यात कशाला करू?” ऋचाला वेगळाच संशय. तिला वाटलं, हे म्हाताऱ्याचं काम.

“आप्पा, फोटो नको असेल तर सरळ सांगा,” ती म्हणाली. “कपडे कशाला खराब करताय?”

मी तिच्याशी भांडलो न्हाई. मला काठाचं पडलं होतं. पाच जणांत एकालाच का वगळलं, हा प्रश्न माझ्याशिवाय कुणाला पडलाच न्हवता.

३

मी अडाणी हाय, पण भुताखेतांना मानणारा न्हाई. म्हणून आधी डोकं चालवून बघितलं. दुकानातच डाग पडला असंल. पण दुकानात कोण काठ उलटा करून एकाच जागी बोट लावतंय? ब्राह्मीनं खेळत लावलं असंल. पण फळीला माझाच हात टाचा उचलल्याशिवाय पोचत न्हाई. बनुबाई खोटं बोलत असंल. पण तिला खोटं बोलायचं असतं तर डब्यातनं कमी होणाऱ्या साखरेबद्दल बोलली असती, हळदीबद्दल न्हाई.

दुपारी बनुबाई राजमतीचं अंग पुसत होती. मी दारात उभा होतो. राजमतीचा उजवा हात गादीवर पडला होता, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा. बनुबाईनं तो उचलून पालथा केला तवा मला दिसलं. करंगळीशेजारच्या बोटाच्या नखात पिवळं होतं.

“हे कशाचं?” मी विचारलं.

बनुबाईनं बघितलं, फडक्यानं घासलं आणि म्हणाली, कशाचं तर असंल, रोज तेल चोळतोय. तेल तिळाचं होतं. बाटली तिथंच होती, मी वास घेऊन बघितला.

नंतर ती मागं भांडी घासायला गेली. सूनबाई नातीला आणायला शाळेत, जिनेश दुकानावर. मी सोप्यात आडवा झालो होतो. घरात मागच्या भांड्यांशिवाय आवाज न्हवता. मग एक आवाज आला. आमच्या करंड्याचं झाकण घट्ट हाय. काढताना पितळ पितळावर घासून बारीक कुरकुरतंय, आणि लावताना एकदा टक वाजतंय. मी तो आवाज जल्मभर ऐकलाय. आधी कुरकुरलं. मग लय वेळ काय न्हाई. मग टक.

मी खोलीत गेलो. बनुबाईनं राजमतीला भिंतीकडं तोंड करून निजवलं होतं, ती तशीच होती. पाठीमागची उशी पण हलली न्हवती. करंडा वर फळीवर, भोवतीनं धूळ, धुळीत बोट उमटलेलं न्हाई. टाचा उचलून मी तो खाली काढला.

धातू सावलीत गार असतोय. करंडा गार न्हवता. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवावा, तसा होता.

४

मग मी ठरवलं की खोट कापडात हाय. संध्याकाळी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं की हा रंग मी घालणार न्हाई. ऋचा रडकुंडीला आली. जिनेश दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून सांगलीला गेला आणि सगळा जोड बदलून आणला. आबोली. मला आबोली पण आवडला न्हाई, पण मी गप बसलो. कपडे राजमतीच्या खोलीत ठेवू दिले न्हाईत. सोप्यातल्या कपाटात घालून किल्ली माझ्या कनवटीला लावली.

सकाळी कपाट उघडलं. तेच. सगळ्यांना बोट, जिनेशचा झब्बा कोरा.

मला भ्या वाटलं असं कुणी म्हणू नये. मला राग आला. आपल्याच घरात आपल्याला कुणी धरून न धरल्यासारखं करावं, तसला राग. मी करंडा काढला आणि माझ्या बोटानं जिनेशच्या झब्ब्याला हळद लावली. एकदा न्हाई, काठाला चहूकडं लावली. हळद कापडाला लागली की साबणानं पण हटत न्हाई. उन्हात टाकली तर हळूहळू उडती. हे बायामाणसांना विचारा.

दुपारी बघितलं तर काठ ओला होता. पिळल्यासारखा चुरगळलेला, आणि सगळीकडनं आबोली. खूण सुद्धा न्हाई. कपाटाला कुलूप होतं.

तो ओला झब्बा आणि करंडा घेऊन मी राजमतीजवळ जाऊन बसलो. खोलीचं दार लोटून घेतलं. तिला म्हणलं, “तू करतीस का दुसरं कोण करतंय, मला ठाऊक न्हाई. पण आता माझ्यादेखत लाव. तुझा लेक हाय त्यो.”

ती छताकडं बघत होती. मी तिचा उजवा हात उचलला. जड, ढिला, नेहमीसारखा. बोट हळदीत बुडवलं, ते बुडालं. काठ जवळ आणला. बोट कापडाला टेकणार तेवढ्यात हात मिटला.

दिवाळीपास्नं त्या हाताची एक शीर हलली न्हवती. मिरजेच्या डॉक्टरनं सुया टोचून बघितल्या होत्या. तो हात मिटला, आणि माझं बोट आत सापडलं. मी कुळव धरलेला माणूस हाय, पण मला ते सोडवता येईना. नख काळं पडलं तवा कुठं मूठ सैल झाली.

“न्हाई,” राजमती म्हणाली.

तिच्या उजव्या डोळ्यातनं पाणी गळत होतं. ते वारं गेल्यापास्नं गळतंच. त्याचा मी काय अर्थ लावणार.

५

फोटोचा दिवस आला. फोटोवाला वीरधवल, पलूसचा पोरगा. अंगणात त्यानं पांढऱ्या छत्र्या उभ्या केल्या. राजमतीला आबोली साडी नेसवून खुर्चीत बसवलं, पाठीला उशा दिल्या, पडू नये म्हणून कमरेला उपरणं बांधून वरनं पदर घेतला. उजवा हात मांडीवर ठेवला.

कपडे मीच वाटले, किल्ली माझ्याजवळ होती म्हणून. दोन झब्बे एका मापाचे, एका रंगाचे. बोट लावलेला माझा झब्बा मी जिनेशच्या हातात दिला आणि कोरा मी घातला. कुणाला काय कळलं न्हाई. मला वाटलं, एकाला कोरं लागणारच असंल तर मला लागू दे. माझं काय राहिलंय? माझ्या मागं रडणारं पण कुणी न्हाई, जिनं रडायचं ती न्हाई न्हाई म्हणत बसली असती. मनात असं पक्कं केल्यावर मला लय दिवसांनी बरं वाटलं. जिनेश झब्बा घालून आरशापुढं गेला, कॉलर नीट केली, भांग पाडला, मान वाकडी करून बघितलं. मी ते सगळं उभं राहून बघितलं.

राजमती खुर्चीत, शेजारी खुर्चीवर मी, मांडीवर ब्राह्मी. राजमतीच्या मागं जिनेश, माझ्या मागं ऋचा.

वीरधवल म्हणाला, “आजोबा, जरा हसा की.”

“हसण्यासारखं काय घडलंय ते सांग, मग हसतो.”

त्यानं भराभर फोटो काढले. मी समोर बघत होतो, त्यामुळं मला शेजारचं काय दिसलं न्हाई. एकदा फक्त माझ्या बाजूला कापड हलल्यासारखं वाटलं. वारा असंल म्हणून मान वळवली न्हाई, कारण तो पोरगा सारखा म्हणत होता, हलू नका.

झाल्यावर त्यानं कॅमेऱ्याच्या मागं काढलेले फोटो दाखवले. ऋचा, जिनेश, मी, तिघं वाकून बघत होतो. तो बोटानं एकामागनं एक सरकवत होता. आमी सगळे आबोली, मी आंबट तोंडाचा, राजमती समोर बघतीय, हात मांडीवर. पुढचा तसाच. पुढचा तसाच. मग एक आला, त्यात राजमतीची मांडी मोकळी होती.

तिची मान समोर, तोंड तसंच एका बाजूला ओढलेलं. आणि उजवा हात खांद्यावरनं मागं गेलेला, माणसाचा हात जात न्हाई तेवढा मागं. बोटांत पदराचं टोक. लहान पोराचं तोंड पुसावं तसा तो हात जिनेशच्या झब्ब्याचा काठ पुसत होता.

वीरधवलनं तो फोटो पुढं ढकलला. म्हणाला, हा हललाय, काढून टाकतो. पुढच्यात हात मांडीवर होता.

मी ऋचाच्या तोंडाकडं बघितलं. ती म्हणत होती, ब्राह्मीचे डोळे मिटलेत. जिनेश म्हणत होता, आप्पा एकात तरी हसायचं की.

मी माझ्या झब्ब्याचा काठ उलटा केला. पिवळं बोट. अजून ओलं होतं, माझ्या अंगठ्याला लागलं. मग मी जिनेशच्या मागं गेलो, आणि कचरा लागलाय म्हणून त्याचा काठ हातात धरला. गार लागला. ओला होता, आणि कोरा होता.

६

मी म्हणलं, हे फोटो चालणार न्हाईत. परत काढायचे.

तवापास्नं घरात माझं नाव काय हाय ते इथं सांगत न्हाई. आबोली गेला, मग करडा आणला, त्याला मी राखेचा रंग म्हणलं. मग कसला तर निळा. मी म्हणलं, कापड खरखरीत हाय. म्हणलं, बाह्या आखूड. म्हणलं, गळ्याचं काज नीट न्हाई. ज्या माणसाला फोटोच नको होता त्यो आता कापडाचं सूत मोजतोय, असं ऋचा फोनवर आईला सांगताना मी ऐकलं. खरंच हाय. दर वेळी मी आधी जिनेशचा झब्बा बघतो, मग काय नावं ठेवायची ते शोधतो. अंगाला लागला न्हाई तवर कापड नुसतं कापड हाय. एवढंच मला सुचलंय.

कुणाला सांगू? वीरधवलनं तो फोटो काढून टाकला. बनुबाई नखं घासती आणि पुढं चालती. राजमती छताकडं बघती.

परवा जिनेश माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, “आप्पा, मला कळतंय तुमी असं का करताय. फोटो झाला की आई जाईल, असं तुमाला वाटतंय. पण असं अडवून ती थांबणार हाय का?”

त्याचा हात माझ्या पाठीवर होता. मी मान हलवली. त्याला तेच वाटू दे.

आज सकाळी परत कपडे आले. ऋचा म्हणाली, हे शेवटचे, ह्यात काढायचा न्हाईतर काढायचाच न्हाई, वीरधवल तासाभरात येतोय. मी कपड्यांची पिशवी न उघडताच कपाटात कोंडली, किल्ली कनवटीला लावली आणि आंघोळीला गेलो. अंगावर दोन तांबे घेतले असतील. राजमतीच्या खोलीतनं करंडा कुरकुरला. मी थांबलो. टक वाजलं. मग सोप्यातलं कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि किल्ली तर धोतरासंगं न्हाणीच्या दारावर टांगलेली मला दिसत होती.

तसाच ओला, पंचा गुंडाळून बाहेर आलो.

जिनेश कपाटापाशी होता. झब्बा त्यानं अंगात घातला होता. पांढरा होता. पांढरा कुणी ठरवला, कवा ठरवला, मला कुणी सांगितलं न्हवतं.

“जिन्या, काढ त्यो,” मी म्हणलं. “रंग चांगला न्हाई.”

“असू दे आप्पा,” तो म्हणाला, “उशीर झालाय,” आणि गळ्याचं बटण लावत दाराकडं चालू लागला. काठ पलटी झाला तसा मला आतनं दिसला, कोरा. चप्पल तिथंच दारात होती, शेजारी आरसा होता.

तो वाकला. एक चप्पल घातली, मग दुसरी घातली. भांग विस्कटलेला होता. मी आरशाकडं बोट करून म्हणलं, जिन्या, केस बघ की रं, एकदा केस तरी बघ.

तो सरळ अंगणात गेला.